आईची मोठी बोट

सिंगापूरच्या मरिना बे धक्क्यावर टॅक्सी थांबली तेव्हा आईनं आधी समुद्र शोधला. समोर पांढरी भिंत होती, तिला खिडक्याच खिडक्या, आणि अगदी वर रंगीत घसरगुंड्या. "आगं, बोट कुठं लागलीया?" तिनं विचारलं. मी हात करून दाखवलं. ती मान मागं टाकून बघत राहिली, पदर डोक्यावरून घसरला तरी तिला कळलं नाही. "ही बोट? मला वाटलं बंदराची बिल्डिंगच हाय."

आई ७६ वर्षांची आहे. लग्न होऊन सांगलवाडीत आली तेव्हापासून तिचं आयुष्य कृष्णेच्या काठावर गेलं. होड्यांच्या शर्यती असल्या की आजही ती घाटावर जाऊन बसते आणि कुठल्या गावची होडी पुढं आहे ते नुसत्या आरोळ्यांवरून ओळखते. समुद्र मात्र तिनं दोनदाच पाहिला, दोन्ही वेळा गणपतीपुळ्याला, वाळूत उभं राहून. आत गेल्यावर चहूकडं पाणी कसं दिसतं ते तिला बघायचं होतं. पुढं गुडघे गेले, एस.टी.ची पायरी चढवेना, आणि ती हे बोलायचीच बंद झाली. तेच मला लागून राहिलं होतं.

तरीही असल्या अजस्र जहाजावर जायला माझं मन तयार नव्हतं. मी हायस्कूलला भूगोल शिकवते. व्हेनिसच्या कालव्यातून घरांच्या वर डोकं काढून जाणाऱ्या क्रूझ जहाजाचा फोटो मी मुलांना वर्गात दाखवला आहे आणि "हे बरोबर आहे का?" असं विचारलंही आहे. ज्यानं माझं मन वळवलं तो माझा भाचा, धाकट्या बहिणीचा मुलगा. तो स्वतः सात वर्षं अशाच जहाजांवर नोकरी करतो. म्हणाला, "मावशी, तू म्हणतेस ते सगळं खरं आहे. पण आजीला दुसरं काही झेपणार नाही. बॅग एकदा उघडायची, गाव बदलत राहतं. लिफ्ट आहे, व्हीलचेअर आहे, डॉक्टर आहे. तू तिला बसनं कुठं नेणार आहेस?" याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. चार रात्रींची सफर ठरली, सिंगापूरहून मलेशियातलं पिनांग आणि परत.

असल्या जहाजांचा आकार शब्दांत सांगणं अवघड आहे, म्हणून वर्गात सांगते तसं सांगते. आयकॉन ऑफ द सीज हे जहाज फिनलंडमधल्या तुर्कूच्या गोदीत बांधलं गेलं आणि जानेवारी २०२४ मध्ये मायामीहून पहिल्यांदा प्रवासी घेऊन निघालं. लांबी सुमारे ३६५ मीटर, मजले २०, प्रवासी जास्तीत जास्त ७,६०० आणि कर्मचारी २,३५०. म्हणजे दहा हजार वस्तीचं गाव. त्याचं ग्रॉस टनेज २,४८,६६३. हे वजन नसतं, जहाजाच्या आतल्या एकूण जागेचं ते माप असतं. टायटॅनिकचं हेच माप ४६,३२८ होतं. म्हणजे आजचं जहाज टायटॅनिकच्या पाचपटीहून मोठं. आमचं जहाज याहून लहान होतं, तरी त्यावर चार हजारांवर प्रवासी होते.

मला सगळ्यांत जास्त नवल वाटतं ते खालच्या बाजूचं. एवढा डोंगर पाण्याखाली असतो जेमतेम नऊ-सव्वानऊ मीटर, म्हणजे साधारण तीस फूट. सांगलीच्या माणसाला हे लगेच समजेल. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळच्या पट्टीवर चाळीस फूट झालं की आपल्याकडं इशारा पातळी, पंचेचाळीसला धोका पातळी, आणि २०१९ ला पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. तो आकडा आठवला की पाण्याची आणि माझी ओळख किती वेगळी आहे हे मला जाणवतं. इंजिनं, इंधन, पाण्याच्या टाक्या, सगळं जड सामान तळाशी. वर पसरट, रुंद, त्यामानानं हलका डोलारा. म्हणून ते कलंडत नाही. दोन्ही अंगांना पाण्याखाली माशाच्या परांसारखी पाती असतात, ती डोलणं कमी करतात. बोट लागेल म्हणून मी आईसाठी आल्याच्या वड्या नेल्या होत्या. पुडा तसाच परत आला.

निघण्याआधी सुरक्षेची कवायत झाली. आता बरीचशी माहिती केबिनमधल्या टीव्हीवरच दाखवतात, मग आपापल्या ठरलेल्या जागी जाऊन नाव लावायचं. लोक घाईनं हजेरी लावून स्विमिंग पुलाकडं निघाले होते. आई हलेना. जॅकेट घालून दाखवणारी फिलिपिनी मुलगी होती, तिच्या हाताला धरून आई म्हणाली, "मला एकदा घालून बघू दे." मुलीला मराठी कळलं नाही, हात कळला. तिनं जॅकेट काढलं, आईच्या गळ्यात घातलं, पट्टा कमरेभोवती आणून खटका लावला आणि ओढून घट्ट केला. आईनं तो खटका स्वतः उघडून पुन्हा लावला. दोनदा.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये आई सांगलवाडीत दोन दिवस शेजाऱ्यांच्या गच्चीवर होती. मी सांगलीत विश्रामबागला, माझ्या घरी पाणी नव्हतं, पण मधला रस्ता पाण्यात. जी बोट तिला न्यायला आली त्यात जॅकेटं सगळ्यांना पुरली नव्हती. ज्या दिवशी ती बाहेर आली त्याच दिवशी, ८ ऑगस्टला, पलूस तालुक्यात ब्रह्मनाळला पुरातून माणसं काढणारी बोट उलटली आणि काठ दिसत असताना माणसं गेली. त्यानंतर आईनं कुठल्याही नावेत पाय ठेवला नव्हता. म्हणून या बाबतीत मी मोठ्या जहाजांच्या बाजूनं बोलेन. टायटॅनिकनंतर, आणि पुन्हा कोस्टा कॉन्कॉर्डियानंतर, समुद्रानं शिकवलेला धडा त्यांनी नियमात लिहून ठेवला आहे. १३ जानेवारी २०१२ ला इटलीतल्या जिल्यो बेटाजवळ कॉन्कॉर्डिया खडकावर आदळलं आणि ३२ माणसं गेली. त्याच दिवशी जहाजावर चढलेल्या अनेकांची कवायत झालेलीच नव्हती. आता ती निघण्याआधी किंवा निघताक्षणीच घ्यावी लागते. पण त्याच घटनेची दुसरी बाजूही आहे. किनारा हाकेच्या अंतरावर असूनही चार हजारांवर माणसं उतरवायला सहा तास लागले. मग भर समुद्रात दहा हजार माणसं उतरवायची वेळ आली तर? हा विचार माझ्या मनातून चार दिवस गेला नाही.

आईनं समुद्र पाहिला. हे मला नीट लिहायचं आहे, कारण बाकी सगळं त्याच्या तुलनेत तोलायचं आहे. दुसऱ्या दिवशी पहाटे साडेसहाला मी तिला व्हीलचेअरवरून वरच्या डेकवर नेलं. कुणी नव्हतं. एक मुलगा खुर्च्या पुसत होता. पाणी आधी राखाडी, मग शिशासारखं, मग एका कडेला तांबूस. किनारा कुठंच नाही. आईनं चहूकडं पाहिलं, खुर्ची फिरवायला सांगितली, पुन्हा पाहिलं. नंतर दोन्ही हात जोडले आणि कृष्णामाईला म्हणते तेच म्हणाली, "बाई, शांत ऱ्हा गं." पाऊण तास ती बोलली नाही. हे सुख तिला त्या जहाजाच्या आकारानंच दिलं, हे मी नाकारू शकत नाही. लहान होडीत ती बसलीच नसती.

आणि तिसऱ्या दिवशी एक दार उघडलं. आम्ही जेवणघराच्या मागच्या बाजूनं लिफ्टकडं चाललो होतो. भिंतीसारखंच दिसणारं एक दार ढकलून एक मुलगा ट्रॉली घेऊन बाहेर आला. आपल्या बाजूला गालिचा, पितळी कठडे, मंद दिवे. दाराच्या आत उघडा लोखंडी रस्ता, वर पाईप, पांढऱ्या नळ्यांचा उजेड, थप्पीनं लावलेले प्लास्टिकचे क्रेट आणि तिरकं होऊन एकमेकांना वाट देत पळणारी माणसं. तीन-चार सेकंद. दार पुन्हा भिंत झालं. आईनं विचारलं, "आपला पोरगा आसल्यात ऱ्हातो?" मी हो म्हणाले. त्या रात्री ती थोडंच जेवली.

भाच्यानं हॉटेल मॅनेजमेंट केलं. मिरजेत सगळे म्हणतात, "बोटीवर शेफ आहे." त्याची सुरुवात भांड्यांपासून झाली. गॅलीत, म्हणजे जहाजाच्या स्वयंपाकघरात, वाफेच्या यंत्राशेजारी. पहिल्या सुट्टीत घरी आला तेव्हा त्याच्या बोटांची टोकं पांढरी, सुरकुतलेली होती आणि मनगटाच्या आतल्या बाजूला भाजल्याचे दोन आडवे डाग. कॉन्ट्रॅक्ट नऊ महिन्यांचं, रोज दहा-अकरा तास काम, आणि त्या नऊ महिन्यांत आठवड्याची सुट्टी एकही नाही. सागरी कामगारांसाठी आंतरराष्ट्रीय करार आहे, २०१३ पासून लागू. त्यात चोवीस तासांत किमान दहा तास विश्रांती सांगितली आहे. उलटं वाचलं तर चौदा तास काम नियमात बसतं. जहाजांवर झेंडा बहुतेक वेळा बहामाज किंवा पनामाचा असतो. कंपनी एका देशात, झेंडा दुसऱ्याचा, कामगार तिसऱ्याच देशाचे. तक्रार घेऊन जायचं कुठं, हे त्या पोरांना कुणी सांगत नाही.

केबिन पाण्याच्या रेषेखाली, दोघांत एक, खिडकी नाही. "सकाळ झाली हे मोबाईल सांगतो," तो म्हणायचा.

याच पगारावर बहिणीच्या घराचा स्लॅब पडला. तिच्या यजमानांची बायपास झाली. सांगली-मिरजेत त्याच्या वयाच्या मुलाला आठ-दहा हजारांवर कुणी ठेवत नव्हतं, तेव्हा त्याला महिना साठ हजार मिळत होते, वर राहणं-खाणं फुकट. हे पैसे त्या अजस्र आकारामुळंच आहेत. दहा हजार माणसांना जेवू घालायचं तर भांडी घासणारे हात लागतातच. म्हणून या जहाजांवर बहिष्कार घाला असं कुणी म्हणालं की माझ्या डोळ्यांपुढं तो स्लॅब येतो.

इथं एक सांगायलाच हवं, कारण हे वाचणाऱ्यांत अशा मुलांचे आई-बाप असतील. पहिल्या नोकरीसाठी एका एजंटानं आमच्याकडून दोन लाख घेतले. मी जामीन राहून कर्ज काढून दिले. नंतर कळलं की नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेणं त्याच आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणं बेकायदा आहे. पासपोर्ट, सीडीसी म्हणजे खलाशाचं नोंदणीपुस्तक, मेडिकल यांचा खर्च मुलानं करायचा असतो. नोकरीची किंमत नसते. एजंटाकडं आरपीएसएल, म्हणजे खलाशी भरतीचा परवाना आहे का, तो डीजी शिपिंग या सरकारी जहाजखात्याच्या यादीत आहे का, हे आधी तपासा. आम्ही तपासलं नाही. ते कर्ज फेडायला पोराचं अख्खं एक वर्ष गेलं.

२०२० ची गोष्ट मात्र वेगळीच. जानेवारीत तो आशियातल्या एका जहाजावर रुजू झाला आणि फेब्रुवारीत जपानमध्ये योकोहामाला डायमंड प्रिन्सेस अडकलं. त्यावर ३,७११ माणसं होती, ७०० हून अधिक जणांना लागण झाली. बंद हवा, एकच स्वयंपाकघर, एकाच जिन्यावरचे हजारो हात. जे सोयीचं होतं तेच उलटलं. मग सगळ्या जगातली क्रूझ जहाजं थांबली. प्रवासी घरी गेले, कामगार जहाजावरच राहिले, कारण कुठलंच बंदर त्यांना उतरवून घेईना. भाच्याचं जहाज मनिलाच्या उपसागरात नांगर टाकून उभं होतं, भोवती आणखी वीसेक तशीच. कामगारांना एकमेकांपासून वेगळं ठेवायचं म्हणून रिकाम्या पडलेल्या प्रवासी केबिन त्यांना दिल्या. त्याला बाल्कनीची मिळाली. वर्षानुवर्षं ज्या बाल्कन्यांमधल्या लोकांची भांडी त्यानं घासली, तसली. त्यानं व्हिडिओ कॉल केला, कॅमेरा फिरवून पलंग दाखवला, काच सरकवून पाणी दाखवलं. "मावशी, माझ्या केबिनला खिडकी आहे," असं म्हणाला आणि रडायला लागला. बावीस दिवस त्या दाराबाहेर पाऊल टाकायची त्याला परवानगी नव्हती. जुलैत तो घरी आला.

पिनांगला आमचं जहाज सकाळी लागलं आणि दोन तासांत हजारो माणसं जॉर्जटाऊनच्या गल्ल्यांत उतरली. जॉर्जटाऊन २००८ पासून जागतिक वारसा यादीत आहे. किनाऱ्यालगत पाण्यात लाकडी खांबांवर उभी असलेली चिनी कुटुंबांची जुनी घरं आहेत, एकेका आडनावाची एकेक वसाहत. आम्ही च्यू आडनावाच्या वसाहतीत गेलो. फळ्यांचा अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना घरं, पुढं आमच्याच जहाजातले लोक, मागं आमच्याच जहाजातले लोक. एका दारात आईच्या वयाची बाई बसून भाजी निवडत होती. एकानं तिचा फोटो काढला. तिनं भाजी उचलली, आत गेली आणि दार लावलं. आई त्या दाराकडं बघत राहिली. म्हणाली, "पूर बघाय येत्यात की आपल्याकडं माणसं, तशी आपुन आलोय हिच्या दारात."

२००५ ला आणि २०१९ ला आयर्विनवर पाणी बघायला आलेली गर्दी ज्यांनी आपल्या बुडालेल्या घरातून पाहिली, त्यांनाच हे सुचू शकतं. त्या गर्दीत वाईट माणूस कुणी नव्हता. च्यूंच्या फळ्यांवरही कुणी वाईट नव्हतं. आम्ही फक्त फार होतो, आणि एकदम होतो. शिवाय पोटभर नाश्ता करून उतरलेलो आणि दुपारचं जेवण जहाजावर फुकट असलेलो. त्या गावात मी एक नारळपाणी आणि दोन मॅग्नेट घेतले, बस्स.

गावं आता बोलायला लागली आहेत हे बरं झालं. व्हेनिसमध्ये २ जून २०१९ ला एमएससी ऑपेरा हे जहाज धक्क्यावर आणि एका पर्यटक बोटीवर आदळलं. १ ऑगस्ट २०२१ पासून २५,००० टनेजवरच्या जहाजांना जुदेक्का कालव्यात बंदी आली. अलास्कातल्या जुनोनं २०२४ पासून दिवसाला मोठी जहाजं पाचच असा करार केला. भाचा २०१९ च्या उन्हाळ्यात तिथं होता. सांगलीत पाणी चढत होतं आणि तो जुनोच्या धक्क्यावर वायफाय शोधत उभा होता. आपल्याकडं हे शहाणपण साताऱ्याच्या कास पठारानं दाखवलंच आहे. फुलांच्या दिवसांत रोज तीन हजारच माणसं, आधी नोंदणी करून. फुलांना जो न्याय लावला तो माणसांच्या गल्ल्यांना लावायला काय हरकत आहे?

सांडपाण्याबद्दल लिहिताना माझा हात थोडा थांबतो. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणं किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांपलीकडं चालत्या जहाजातून मैलापाणी प्रक्रिया न करताही सोडता येतं. नव्या मोठ्या जहाजांवर मात्र शुद्धीकरणाची चांगली यंत्रणा असते. आणि मी राहते त्या शहराचं सांडपाणी शेरीनाल्यातून कृष्णेत जातं, हे आमच्याकडचं शेंबडं पोरही सांगेल. नदीत मेलेल्या माशांचा खच आम्ही पाहिला आहे. दहा हजार माणसांच्या तरंगत्या गावाला जे जमतं ते आम्हाला इतक्या वर्षांत जमू नये, याची मला लाज वाटते. म्हणून जहाजांना सूट द्यावी असं नाही. २०१६ साली प्रिन्सेस क्रूझेस कंपनीनं तेलकट पाणी लपवून समुद्रात सोडल्याचं अमेरिकेत कबूल केलं आणि ४ कोटी डॉलर दंड भरला. हे उघडकीला आणलं त्या कंपनीच्या जहाजावर नव्यानं लागलेल्या एका इंजिनियरनं. तळातल्या माणसानं.

धुराचं तसंच. जानेवारी २०२० पासून जहाजाच्या इंधनातलं गंधक साडेतीन टक्क्यांवरून अर्ध्या टक्क्यावर आणलं, ही मोठीच सुधारणा. पण आपल्या बीएस-सहा डिझेलमध्ये जेवढं गंधक चालतं त्याच्या हे अजूनही पाचशे पट आहे. बरीच नवी जहाजं द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालतात, त्यांचा धूर स्वच्छ दिसतो. मात्र न जळलेला मिथेन इंजिनातून निसटतो आणि तो हवा तापवण्यात कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जालीम आहे. धक्क्यावर उभं असतानाही दिवे, एसी, स्वयंपाक यांसाठी इंजिनं चालूच राहतात, जिथं किनाऱ्यावरून वीज दिली जाते ती बंदरं सोडून.

केंद्र सरकारनं सप्टेंबर २०२४ मध्ये क्रूझ भारत मिशन सुरू केलं आहे. २०२९ पर्यंत क्रूझ प्रवासी दुप्पट करायचे आहेत. कोकणच्या बंदरांवर उद्या अशी जहाजं लागतील. लागू देत. पण कुठल्या गावात एका दिवशी किती माणसं उतरतील हे त्या गावानं ठरवावं, जहाज यायच्या आधी. आणि हजार-दीड हजार माणसांचं जहाज पुरे आहे. आईला लिफ्ट हवी होती, व्हीलचेअरला वाट हवी होती, डॉक्टर हवा होता, पहाटेचं मोकळं डेक हवं होतं. बर्फावरून घसरायची जागा, सहा-सात पूल, वीस उपाहारगृहं यांतलं तिला काहीच नको होतं. खाली राहणाऱ्या पोरांना आळीपाळीनं तरी खिडकीची केबिन द्या, आठवड्यातून अर्धा दिवस सुट्टी द्या. त्यासाठी तिकीट महाग झालं तर मी भरेन. पुन्हा नेईन आईला तर मुंबईहून गोव्याला, लहान जहाजानं.

भाचा फेब्रुवारीत पुन्हा गेला. आईनं त्याच्या बॅगेत दोन किलो भडंग भरलं, खोलीतल्या जोडीदारासाठी वेगळं. आता तो भांड्यांवर नाही, भाज्यांवर आहे. केबिन तीच, खालची.

परवा दुपारी त्याचा फोन आला तेव्हा मी सांगलवाडीला होते. जहाज कुठल्याशा बंदराला लागलं होतं, त्याला दोन तास मोकळे होते. व्हिडिओवर त्याचा चेहरा, मागं कामगारांचं वायफायचं दुकान, ट्यूबलाईट. आईनं चष्मा लावून फोन जवळ घेतला.

"तिकडं ऊन हाय का?"

"आहे की आजी, मस्त आहे."

"मग आत बसून काय बोलतुयास? फोन ठिव. आधी उन्हात जा."

"अगं, तुझ्याशी बोलायला..."

"रातच्याला बोल. मी जागी ऱ्हाते."

आणि तिनंच फोन बंद करून माझ्या हातात दिला.